अंजन अजून उभी आहे

प्रिय इंदू,

वैशालीने तुझ्याविषयी जे लिहिले आहे, त्यात चार चुका आहेत. त्यांपैकी तीन मी काल सर्वांसमक्ष दुरुस्त केल्या. चौथीपाशी मी गप्प बसलो. म्हणून आज हे पत्र.

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी होती. तुझ्या नावाची पहिली घागर भरली. नवी मातीची घागर, तिच्यावर खरबूज, शेजारी सांजोरी. उंबरठ्यावर आजोबांचे, आजीचे, आबांचे, आईचे नाव घेत कुंकवाचे एकेक बोट ओढले आणि शेवटी तुझे ओढले. धाकट्या बहिणीचे बोट थोरल्या भावाने ओढायचे, हा कसला क्रम? तुला क्रमाचे कधी भान होते का गं?

निखाऱ्यांवर पितरांचा घास, म्हणजे आगारी, टाकण्यापूर्वी वैशाली म्हणाली, "बाबा, आत्याबद्दल मी जे लिहिलं ते वाचू का?" तुझ्या त्या लॅपटॉपवरच्या खेळातल्या मंडळींच्या गटावर तिने तुझ्या तेराव्या दिवशी ते टाकले होते. सुरतेत राहून तिचे मराठी बरेच सैल झाले आहे. तरी लिहिले मनापासून होते. सगळे ऐकू लागले. तुझी वहिनी पदर डोळ्यांना लावून बसली होती. आणि मी, सवयीप्रमाणे, चुका मोजू लागलो.

पहिली चूक. जावईबापू गेल्यानंतर एकटेपणा घालवण्यासाठी तू खेळू लागलीस, असे तिने लिहिले. साफ खोटे! ते गेले तेव्हा तू नोकरीत होतीस, धडगावच्या डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर बाळंतपणे करीत फिरत होतीस. एकटे पडायला तुला सवड कुठे होती? तू खेळू लागलीस निवृत्तीनंतरच्या दिवाळीत, आणि तो खेळ तुझ्या लॅपटॉपवर घालून देणारी वैशालीच होती. स्वतः केलेली गोष्टही ती विसरली.

दुसरी चूक. म्हणे तू खेळता खेळता गेलीस. तू गेलीस सकाळी, पौषातल्या कोवळ्या उन्हात, दारातल्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलताना. शेजारच्या जमनाबाईने मला सांगितले, "सिस्टरबाई अर्ध्या शेंगा सोलून भिंतीला टेकल्या. मला वाटलं, डोळा लागला." ज्या बाईने तुला शेवटचे पाहिले, तिच्या साक्षीवर माझा विश्वास आहे.

तिसरी चूक सर्वांत मोठी आणि सर्वांत गोड होती, म्हणून ती सर्वांना आवडली. खेळातली तुझी शेवटची नायिका अंजन तुझ्याबरोबरच, त्याच घटकेला पडली, असे वैशालीने लिहिले. ऐकणाऱ्यांनी हुंदके दिले. मी म्हणालो, "अंजन पडलेली नाही. ती शेवटच्या गावात लोहाराच्या दाराशी उभी आहे. तिच्याजवळ औषधाच्या सहा बाटल्या भरलेल्या आहेत. मी स्वतः पाहिले आहे."

वैशाली म्हणाली, "बाबा, अहो, भावना असते ना काही!"

मी म्हणालो, "भावना असावी. पण जिवंताला मेलेले म्हणू नये."

आणि मग तिने चौथे वाक्य वाचले. तुझ्या आधीच्या एका नायिकेचे, सालईचे. "आत्या जिंकतच होती, पण ऐन आखाजीच्या दिवशी लाईट गेली." सगळे हळहळले. कोणीतरी वीज मंडळाला शिवी दिली. मी पितरांच्या निखाऱ्यांवर तूप सोडत राहिलो.

इंदू, त्या वाक्याकडे मी येणारच आहे. मला थोडे लांबून येऊ दे.

तुझा तो खेळ मला कित्येक वर्षे कळला नाही आणि मी कळवूनही घेतला नाही. पडद्यावर एक बाई, हातात धनुष्य. समोरून राक्षस येतात, ती त्यांना मारते, शक्ती मिळवते, चांगले कवच घालते, पुढच्या गावी जाते. यात विशेष काय, असे मी विचारले होते. तू म्हणालीस की साध्या पद्धतीत नायिका मेली तर पुन्हा उठते. तुझ्या पद्धतीत उठत नाही. एकदा मेली की महिनोन् महिने कमावलेले सगळे गेले. नाव तेवढे करड्या अक्षरांत मृतांच्या यादीत राहते. हार्डकोअर म्हणतात त्याला, असे तू सांगितलेस.

"त्याला मराठीत 'एकप्राण रीत' म्हणता येईल," मी म्हणालो.

तू इतकी हसलीस की जीपमधली माणसे वळून पाहू लागली. "हार्डकोअरच म्हन, दादा! एकप्राण म्हनशी ते राक्षसबी हासतीन."

ते आपले बोलणे जीपमध्येच झाले, नाही का? दर आखाजीला मी तुझा मुराळी. सासरच्या लेकीला सणासाठी माहेरी आणायला भावाने जायचे, हा आपल्याकडचा रिवाज तुझे केस पांढरे झाले तरी मी सोडला नाही. तळोद्याहून सकाळची जीप धरायची, घाट चढायचा, तुझ्या घरी चहा घ्यायचा आणि दुपारच्या जीपने तुला घेऊन उतरायचे. अठरा माणसांच्या जीपमध्ये आपण दोघे म्हातारे, तुझ्या मांडीवर तो लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. "बाळ शे का?" असे एका बाईने तुला विचारले होते, आठवते? तू म्हणालीस, "हाव. अजून नाव नई ठेवं."

नावे तू झाडांची ठेवायचीस. महू, तेंदू, चारोळी, आवळी, सालई. का, म्हणून विचारले, तर म्हणालीस की माणसांची नावे ठेवली तर मेल्यावर लिहिताना हात अडतो. आणि तुला लिहायचे तर असायचेच. नोकरीतली तुझी सवय सुटली नव्हती. शंभर पानी वहीत तू रकाने आखले होतेस: नाव, किती दिवस जगली, कोठे पडली, कारण, शेरा. मी ती वही एकदा चाळली आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करायला घेतल्या. तू माझ्या हातातून पेन काढून घेतलेस.

"वेलांटीले हात लाव, दादा, पण कारणले हात लावू नको," तू म्हणालीस. "मरणनं कारण खोटं लिखं ना, का पुढलाबी त्याच कारणघाई मरस."

हे तू खेळाविषयी बोलत होतीस की डोंगरातल्या त्या तीस वर्षांविषयी, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

खरे तर तुझा खेळ आणि तुझी नोकरी यांत मला आता फारसा भेद दिसत नाही. दोन बाटल्या उरल्या की पुढे जायचे नाही, मागे फिरायचे, हा तुझा नियम. सलाईनच्या बाटल्यांबाबतही तुझा हाच नियम होता. जोर वाढवण्याआधी कवच नीट करायचे. जमिनीवर लाल वर्तुळ उमटले की राक्षसाकडे पाहायचे नाही, आपल्या पायांकडे पाहायचे. पावसाळ्यात पहाडातली लाईन भरवशाची नसते, म्हणून आषाढ ते भाद्रपद खेळच बंद. वर्गातही इतकी शिस्त मी पाहिली नाही, आणि मी मुख्याध्यापक होतो.

आता सालई.

सालई तेरा महिने जगली होती. तुझ्या सगळ्या नायिकांत सर्वांत दीर्घायुषी. त्या वर्षी मी तुला घ्यायला आलो तेव्हा वाटेत तू दुसरे काही बोललीच नाहीस. "दादा, औंदा शेवटल्या राक्षसपावत पोहचनू मी. तुन्हा घरनी लाईन चांगली शे, तठेच लढसू." धडगावच्या तारेवर तुझा विश्वास नव्हता, माझ्या घरावर होता. हे वाक्य मी कितीदा तरी मनात फिरवले आहे.

आखाजीची दुपार. पाट मांडले होते. खापरावरची पोळी, आमरस, कुरडया. निखारे फुलले होते, आगारीचे पान वाढून तयार. तू मधल्या खोलीत. मी एकदा हाक मारली.

"दोन मिनिट, दादा."

दुसऱ्यांदा दारात येऊन उभा राहिलो. पडद्यावर एक डोंगराएवढा राक्षस होता आणि तुझी एवढीशी सालई त्याच्याभोवती गोल फिरत होती. तुझे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते.

"इंदू, ते थांबव. पितर ताटकळले आहेत."

"थांबत नई ना हाऊ खेळ! पितरेस्ले सांग, इंदू लढी ऱ्हायनी."

ओसरीवरचे पाहुणे हसले. मला ते हसणे लागले. थोरला भाऊ, घरातला कर्ता, आखाजीची आगारी, आणि बहीण पितरांना निरोप पाठवते! मी बोळात गेलो, मीटरच्या पेटीचे झाकण उघडले आणि मेन स्विच खाली पाडला.

वीज गेली नव्हती, इंदू. मी घालवली होती.

माझी समजूत अशी, की पडदा काळा होईल, तू उठशील, जेवण झाल्यावर पुन्हा तेथूनच सुरू करशील. पुस्तकात खूण घालून ठेवतो, तसे. लॅपटॉप तर चालूच राहिला. बंद पडला तो राउटर. तुझा तारेशी, म्हणजे इंटरनेटशी असलेला संबंध तुटला आणि सालई त्या राक्षसासमोर हात खाली सोडून नुसती उभी राहिली. हे मला नंतर कळले. त्या क्षणी मी मोठ्या आवाजात म्हणालो, "लाईट गेली!"

स्वयंपाकघरातून तुझी वहिनी म्हणाली, "कशी गई व माय? समोरना घरना पंखा ते फिरी ऱ्हायना!"

"आपला फ्यूज गेला असेल," मी म्हणालो. आणि थोडा वेळ थांबून, दुरुस्तीचे नाटक करून, स्विच वर केला.

तू ओरडली असतीस तर बरे झाले असते. का नाही ओरडलीस? तू म्हणालीस, "मन्ही सालई गई." तेवढेच. लॅपटॉप मिटलास, हात धुतलेस, माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसलीस.

"चाल दादा," म्हणालीस, "पितरे वाट देखी ऱ्हायनात."

आमरसाची दुसरी वाटीही घेतलीस. मला वाटले, खेळच तो, विसरली.

वैशालीला मी फोनवर सांगितले, ऐन वेळी लाईट गेली. तिने काळजीने तुला धडगावला इन्व्हर्टर पाठवला. तो तू महिन्याभरात जमनाबाईच्या माहेरच्या पाड्यावरच्या अंगणवाडीला देऊन टाकलास. मी रागावलो होतो. "मुलीने प्रेमाने पाठवलेली वस्तू अशी देतात का?" तू म्हणालीस, "मले तिन्ही गरज नई, दादा." मला नवल वाटले. इतकी वर्षे व्याकरण शिकवले, पण साधे वाक्य मला वाचता आले नाही.

पुढच्या आखाजीला मी घ्यायला आलो तेव्हा तुझ्या मांडीवर अभ्र्यातले बाळ नव्हते. लॅपटॉप धडगावला कुलपात ठेवून आलीस. मी घरी येऊन सर्वांना सांगितले, "इंदू सुधारली. माहेरी आली की माहेरची होते." त्यानंतर एकाही आखाजीला तू तो खाली आणला नाहीस. पण आखाजी एकही चुकवली नाहीस. येत राहिलीस, झोक्यावर बसत राहिलीस, माझ्या आगारीचे कौतुक करत राहिलीस.

तुझा लॅपटॉप आणि ती वही तेराव्यानंतर मी खाली आणली. वही उघडायला होळीपर्यंत धीर झाला नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी, चष्मा पुसून, पहिल्या पानापासून वाचू लागलो.

महू. कारण: घाई. एकच बाटली उरली होती तरी पुढे गेले.

तेंदू. कारण: फोन वाजला, उचलला.

चारोळी. कारण: अभिमान.

आवळी. कारण: पावसाळ्यात खेळले. नियम मीच मोडला.

सालई.

तो रकाना वाचण्याआधी मी पाणी प्यायलो. तू लिहिले होतेस: "दादाने मेन स्विच पाडला. पंखा थांबण्याआधी खटका आयकू आला. दादाला सांगायचे नाही." आणि शेऱ्याच्या रकान्यात: "आगारी थंडी होत होती. त्याचे बी बरोबर."

"आयकू." "थंडी." "बी." इंदू, माझ्या हातात लाल पेन होते आणि मी ते खाली ठेवले. तुझ्या त्या दोन ओळींत मी एका मात्रेचाही बदल करणार नाही. कोणाला करू देणार नाही.

तुला खटका ऐकू आला होता! त्या पाटावर बसताना तुला ठाऊक होते. इन्व्हर्टर देऊन टाकताना ठाऊक होते. खरे कारण तू खरेच लिहिलेस आणि खऱ्या कारणावर खरा इलाज केलास: खेळ माझ्या घरापासून दूर ठेवलास आणि स्वतःला ठेवले नाहीस. मी मात्र खोटे कारण सांगून तुझ्या शेजारी बसून आमरस खात राहिलो. थोरला कोण होता गं आपल्यात?

माझी एकच तक्रार आहे. मला सांगायचे नाही, हे तू का ठरवलेस? मी रागावलो असतो, नाकारले असते, मग कधीतरी मान खाली घातली असती. मान खाली घालण्याची एक संधी तू मला द्यायला हवी होतीस. आता कोणापुढे घालू?

वहीच्या शेवटी अंजन आहे. नाव लिहिले आहे, पुढचे चारही रकाने कोरे. सालईनंतर तितक्या दूर पोहोचलेली ही पहिलीच. शेवटच्या गावात, लोहाराच्या दाराबाहेर, शेवटच्या राक्षसाच्या अलीकडे, सहा बाटल्यांनिशी. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी तू तिला तेथे सुरक्षित उभी करून लॅपटॉप मिटला होतास. लढाईआधी एक दिवस विश्रांती, हाही तुझाच नियम.

तुझ्या गटातल्या मंडळींनी वैशालीला निरोप पाठवला: "सिस्टर गेल्या, पण यादीत अंजन अजून जिवंत दिसते आहे, तिला आम्ही जिंकवतो. आमच्यातला जो सर्वांत तरबेज आहे तो खेळेल." माणसे भली आहेत. वैशालीलाही पटले होते. होळीनंतर तिने मला विचारले.

"बाबा, आत्याचं स्वप्न होतं. पूर्ण करू या ना?"

"नको," मी म्हणालो.

"पण का?"

कारण सांगायचे तर सालईचे सांगावे लागले असते. म्हणून मी म्हणालो, "मी सांगतो म्हणून." मुख्याध्यापकाचे उत्तर.

आणि मग, इंदू, रंगपंचमीच्या दिवशी मी वैशालीला म्हणालो की माझ्यासाठी एक वेगळे खाते उघड आणि मला हा खेळ पहिल्यापासून शिकव. एकप्राण रीतीने. लाईन खराब आहे असे समजून तिने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

तू हसशील. तू डोंगरातली झाडे घेतलीस, मी सपाटीवरची घेतली. पहिली निंब. अर्ध्या तासात गेली. तुझ्याच वहीत, नवे पान करून, तुझेच रकाने आखून मी लिहिले: "कारण: पडद्यावरची सूचना शेवटपर्यंत वाचत उभा राहिलो." दुसरी बाभूळ. "कारण: औषधाची कळ आणि नकाशाची कळ यांत गल्लत." तिसरी बोर, सहा दिवस जगली. "कारण: लाल वर्तुळ उमटले तेव्हा पायांकडे न पाहता राक्षसाकडे पाहिले." चौथी भोकर. सतरा दिवस! ती गेली त्या रात्री मी जेवलो नाही, हे मी वहीत लिहिले नाही, तुला सांगतो. "कारण: दोन बाटल्या उरल्या असता पुढे गेलो. नियम ठाऊक होता."

तुझी वहिनी रोज दुपारी चहा ठेवून जाते आणि सुनावते, "इंदूबाईले बोलेत तुम्ही, आते सोताच बठेल शेतस!" तिचे खरे आहे. परवा जेवायला हाक मारून ती दारात उभी राहिली. मी म्हणालो, "दोन मिनिटे." ती परत गेली आणि तिने ताटावर ताट झाकले. इतके सोपे होते ते, इंदू. ताटावर ताट झाकायचे होते फक्त.

आज सकाळी वैशाली सुरतेला निघण्यापूर्वी मी तिला मधल्या खोलीत बोलावले आणि ती वही तिच्यापुढे ठेवली. सालईच्या ओळीवर बोट ठेवले. तिने दोनदा वाचले.

"बाबा... तुम्ही?"

"मी."

"आणि आत्याला माहीत होतं?"

"पंखा थांबण्याआधीपासून."

मला वाटले, आता रागावेल. रागावण्याचा तिला अधिकार होता. ती म्हणाली, "म्हणून तुम्ही अंजनला कोणाला हात लावू देत नाही."

"एकदा मी मध्ये हात घातला. पुन्हा कोणाचाही हात मध्ये येणार नाही. जी खुर्चीवर बसली तिचीच हार, तिचीच जीत. तो तिचा नियम आहे."

"मग ती कायमची तशीच उभी राहणार? त्या दाराबाहेर?"

तेव्हा मी तिला माझा बेत सांगितला. तुलाही सांगतो. माझी पाचवी नायिका चिंच. आज ती पंधरा दिवसांची आहे आणि दुसऱ्या गावापर्यंत पोहोचली आहे. कवच नीट आहे. बाटल्या कधी तीनच्या खाली जाऊ दिलेल्या नाहीत. चिंच पडली तर सहावी करीन, सहावी पडली तर सातवी. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि प्राण मलाही एकच आहे. तरी सपाटीवर झाडे पुष्कळ आहेत. स्वतःच्या पायांनी, एकाच प्राणावर, मी शेवटच्या गावात पोहोचेन. त्या दिवशी वैशाली तुझ्या लॅपटॉपवर अंजनला जागे करील. फक्त जागे, कळेला हात नाही. लोहाराच्या दाराशी अंजन उभी असेल, आणि माझी नायिका तिच्यासमोर येऊन थांबेल.

गावात राक्षस येत नाहीत. तेथे कोणी मरत नाही. तेथे नुसते भेटता येते.

"म्हणजे बाबा, तुम्ही आत्याला घ्यायला चाललात," वैशाली म्हणाली.

मी म्हणालो, "मुराळी दुसरे काय करतो?"

ती रडली आणि हसली. मग तिने मोबाइल काढला. "बाबा, मी लिहिलेलं बदलते. तुम्ही सांगा, मी टाइप करते." मी म्हणालो, "तू नको. माझी चूक आहे, मी माझ्या हाताने लिहीन. तू फक्त ते पत्र त्या गटावर टाक." हेच ते पत्र. त्या मंडळींनाही कळू दे. मरणाचे कारण खोटे राहिले तर पुढचाही त्याच कारणाने मरतो. मग त्या गटात कोणाच्या तरी घरी कोणी थोरला भाऊ मीटरच्या पेटीपाशी उभा असेलच.

इंदू, मी वचन देतो. अंजनला कोणीही हात लावणार नाही, मीही नाही. तिच्यापर्यंत मी चालत येईन, घाईने नाही, तीन बाटल्या राखून. वाटेत जितक्यांदा पडेन तितक्यांदा खरे कारण तुझ्या वहीत लिहीन. पावसाळ्यात खेळणार नाही. आणि पुढच्या आखाजीला, पोहोचलो असलो वा नसलो, तुझे कुंकवाचे बोट ओढताना सालईची गोष्ट मी स्वतः, आगारीआधी, सर्वांना मोठ्याने सांगेन. आगारी थंड झाली तरी चालेल.

चाल, चिंच वाट पाहते आहे.

तुझा मुराळी,
दादा

ता. क. वैशालीच्या लेखातील तिथी पुढीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात.

खेळास आरंभ: जावईबापू गेल्यानंतर नव्हे. तुझ्या निवृत्तीनंतरची पहिली दिवाळी, भाऊबिजेचा दुसरा दिवस.

आवळीचे पडणे: श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी. वैशालीने "उन्हाळ्यात" लिहिले आहे, ते चूक. ही पाचवी, मोजताना माझ्याकडून सुटलेली.

इंदूचे जाणे: पौषातली सकाळ. खेळताना नव्हे, तुरीच्या शेंगा सोलताना.

सालईचे पडणे: आखाजी, भर दुपार, आगारीच्या वेळी. वीज गेलेली नव्हती. कारण: दादा.

अंजनचे पडणे: तिथी नाही. रकाना कोरा ठेवावा.